व्यसनातून सुटलेला माणूस तरुणांचा सोबती कसा होतो

व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेला माणूस तिसऱ्या-चौथ्या रविवारी चर्चच्या उपासनेत साक्ष देतो, म्हणजे आपण कसे सुटलो ते सगळ्यांसमोर सांगतो, सगळे मोठ्याने ‘आमेन’ म्हणतात आणि सहा महिन्यांत तरुण संघाची जबाबदारी त्याच्या गळ्यात पडते. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हा क्रम इतका अंगवळणी पडलाय की तो उलटा आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मंडळीचा अध्यक्ष नवशिष्य नसावा, नाहीतर तो गर्वाने फुगेल, असं पौलाने तीमथ्याला बजावलं आहे (१ तीमथ्य ३:६). व्यसनाच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. सुरुवातीच्या महिन्यांत माणसाला जे हलकं हलकं वाटतं, त्यात कृपा किती आणि नुसती सुटकेची उभारी किती, हे त्याचं त्यालाही कळत नाही. ती उभारी ओसरली की रोजचं कंटाळवाणं आयुष्य समोर येतं. विश्वासाची परीक्षा तिथे सुरू होते.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात गरसेकरांच्या मुलखातला, थडग्यांमध्ये राहणारा माणूस बरा झाल्यावर येशूबरोबर मचव्यातून यायला मागतो. येशू त्याला नेत नाही. घरी आपल्या माणसांकडे जा, असं सांगतो. सोबती, म्हणजे व्यसनाच्या वाटेवरच्या तरुणांना आधार देणारा माणूस, निवडण्याची पहिली चाचणी यातूनच घ्यावी. उमेदवाराच्या बायकोला, आईला किंवा ज्यांच्या घरात तो राहतो त्यांना, तो समोर नसताना पाळकांनी विचारावं: ‘याच्या हाती शेजारच्या पोराला सोपवाल का?’ उत्तर द्यायला घरचे अडखळले तर थांबावं. घरच्यांचा भरवसा बसायला मंडळीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि तो बहुतेक वेळा बरोबर असतो.

मुदत साधी ठेवावी. सलग एक वर्ष कोरडं, म्हणजे कोणतीही नशा न करता, गेल्याशिवाय तरुणांच्या गटात मदतनीस म्हणूनही घेऊ नये. एकेका मुलाची सोबत करायची तर किमान दोन वर्षं. मधे एकदा जरी घेतली तरी मोजणी शून्यापासून. फक्त दारू सोडणं म्हणजे कोरडं नव्हे. दारू सोडून झोपेच्या गोळ्यांवर किंवा गांजावर आलेला माणूस कोरडा नसतो.

आधी शरीर

रोज पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली की शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. फिट येण्याचा धोका साधारण पहिल्या ४८ तासांत असतो. त्यापुढे, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, ताप चढतो, नाडी धावते, कुठे आहोत याचं भान राहत नाही. यात माणूस दगावू शकतो. म्हणून ‘तीन दिवस उपास-प्रार्थनेत बसवू, सुटेल’ हा बेत अतिशय धोक्याचा आहे. धोक्याचे दिवस नेमके तेच, आणि तेही उपाशीपोटी. सतत पिणाऱ्याच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्व बऱ्याचदा आधीच कमी असतं. ते आणखी घटलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दारू सोडवण्याचे पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली जावेत. प्रार्थना खाटेशेजारी बसून करावी.

फिट आली, भास झाले की काही ठिकाणी ‘दुष्टात्मा’ म्हणून दाबून धरून प्रार्थना सुरू होते. अशा वेळी माणसाला कुशीवर वळवून रुग्णालयात न्यायचं असतं. बाकी चर्चा नंतर.

दारू सोडण्यासाठी डायसल्फिरामची गोळी चालू असेल तर प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा, प्रश्न येतो आणि तो विचारायला माणसं लाजतात. ही गोळी घेणाऱ्याच्या पोटात थोडीशी दारू गेली तरी चेहरा लाल होणं, धडधड, उलट्या, रक्तदाब उतरणं असा त्रास होऊ शकतो, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्या न आंबवलेला द्राक्षरस देतात, तरी प्याल्यात काय आहे हे पाळकांना आधी विचारून घ्यावं. कॅथलिक मिस्सामध्ये फक्त भाकरीच्या रूपात घेतलेलं ख्रिस्तप्रसादही पूर्णच मानलं जातं, त्यामुळे प्याला टाळण्यात काही उणं नाही. भाकर द्राक्षारसात बुडवून देतात तिथे मात्र आधी सांगून ठेवावं. गोळी चालू नसली तरी व्यसनातून सुटलेल्याने खऱ्या द्राक्षारसाची चव घ्यायची गरज नाही.

पहिल्या वर्षात काय करायचं

वाचन मार्कपासून सुरू करावं. १६ अध्याय, रोज एक. बोधवचनांपेक्षा घटना जास्त, म्हणून लक्ष न लागणाऱ्याला तो जमतो. त्यानंतर स्तोत्रसंहिता रोज एक घेतली तर १५० स्तोत्रं पाच महिन्यांत होतात. नीतिसूत्रे २३:२९-३५ हा दारूबाजाच्या अवस्थेचा उतारा वेगळा काढून ठेवावा. डोळे लाल, भास, मार खाऊनही कळलं नाही, आणि जाग आली की पुन्हा तीच शोधायला निघणं: व्यसनाचं इतकं नेमकं वर्णन फार थोड्या ठिकाणी सापडेल. प्रकटीकरण हे बायबलचं शेवटचं पुस्तक पहिल्या वर्षी बाजूला ठेवलं तर बरं. झोप नीट नसलेल्या, नुकत्याच सावरलेल्या मेंदूला ते झेपत नाही.

सकाळची २० मिनिटं वाचन-प्रार्थनेला पुरतात. खरा प्रश्न संध्याकाळचा. ज्या वेळी अड्ड्यावर जायची सवय होती तीच वेळ, बहुतेकांची ७ ते ९, आठवड्याच्या सातही दिवशी आधी ठरवून भरावी लागते. एक दिवस गायनाचा सराव, एक दिवस घरगुती प्रार्थनासभा, दोन-तीन दिवस एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस) किंवा एनए (नार्कोटिक्स ॲनॉनिमस) या व्यसन सोडणाऱ्यांच्याच गटांची मीटिंग, उरलेले दिवस घरचं काम. पगाराच्या दिवशी पैसे घरी पोचेपर्यंत कुणीतरी बरोबर असावं.

‘आता येशू मिळाला, एए कशाला?’ असं काही पाळक म्हणतात. त्यांनी एएचा इतिहास आठवावा. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन इथे सुरू झालेली ही चळवळ ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती गटाच्या सहवासातून वाढली. पापकबुली, भरपाई, दुसऱ्याला मदत या गोष्टी तिथूनच एएच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे व्यसन सोडण्याच्या टप्प्यांमध्ये, आल्या. एए ‘उच्च शक्ती’ म्हणते आणि नाव ज्याचं त्याच्यावर सोडते. ख्रिस्ती माणसाला ते नाव माहीत आहे, मग अडचण कुठे? रात्री अकराला तलफ आली तर फोन उचलणारा स्पॉन्सर, म्हणजे आधी सुटलेला अनुभवी सोबती, एएत मिळतो. प्रत्येक मंडळीत तसा माणूस असतोच असं नाही.

पाचवी पायरी, म्हणजे दुसऱ्या माणसासमोर सगळं कबूल करणं, हेच याकोब ५:१६ मध्ये आहे. कॅथलिकांसाठी प्रायश्चित्त संस्कार आहे. इतरांनी एकच वडीलधारा माणूस निवडावा, बडबड्या नसलेला, शक्यतो नात्यातला नसलेला. आठवी आणि नववी भरपाईची. लोकांना लुबाडलेल्या जकातदार जक्कयाने चौपट परत देण्याचं कबूल केलं (लूक १९:८). आपल्याकडे एकपट दिलं तरी लोक चकित होतात. तीन रकाने आखावेत: कुणाचं, काय, कसं फेडणार. किराणावाल्याची उधारी, गहाण टाकलेलं बायकोचं सोनं, कामावरची उचल, मुलांच्या फीचे उडवलेले पैसे. दरमहा ५०० रुपये का होईना, ठरल्या तारखेला द्यायचे. जिथे कबुली दिल्याने समोरच्याचं नुकसान होईल, उदाहरणार्थ जुनं प्रकरण उकरून कुणाचा संसार मोडेल, तिथे आधी पाळकांशी किंवा स्पॉन्सरशी बोलावं. हा तक्ता अर्धा तरी फिटत आलेला नसेल तर तरुणांना प्रामाणिकपणा शिकवायला उभं राहू नये. गावात पोरांना सगळं माहीत असतं.

साक्ष, आणि तिचं खरं वजन

इथे बऱ्याच जणांना धक्का बसेल. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी व्यसन-प्रतिबंधाची जी आंतरराष्ट्रीय मानकं काढली आहेत (दुसरी आवृत्ती २०१८), त्यात शाळांमध्ये माजी व्यसनींची साक्ष ठेवणं हे उपयोग न होणाऱ्या किंवा उलट परिणाम करणाऱ्या प्रकारांमध्ये घातलं आहे. भीती घालणारी भाषणंही त्याच यादीत आहेत. कारण समजायला अवघड नाही. पंधरा वर्षांचं पोर मंचावरच्या धडधाकट, सगळ्यांच्या कौतुकाच्या माणसाकडे बघून म्हणतं, ‘याने सगळं केलं, तरी आज बरा आहे. आपणही नंतर सोडू.’ शिवाय साक्षीतला नशेचा भाग रंगतो आणि सुटकेचा भाग दोन वाक्यांत आटपतो.

तरी मंडळीत साक्ष होणारच. मग ती अशी बांधावी: एकूण ७ मिनिटं, लिहून, पाळकांना आधी दाखवून. आधीच्या आयुष्याला एक मिनिट, घरच्यांचं काय झालं याला दोन, उरलेली चार मिनिटं सोडल्यानंतरचं रोजचं जगणं: मीटिंग, उधारी, औषध, शास्त्रवाचन, अजून येणारी तलफ. ब्रँडचं नाव नाही, किती प्यायचो त्याचा आकडा नाही, माल कुठे मिळायचा, कसा लपवायचो, पैसे कसे काढायचो, यातलं काहीही नाही. हशा पिकवणारे दारूचे किस्से तर अजिबात नाहीत. ‘प्रभूने एका क्षणात तलफ काढून घेतली’ हे एखाद्याच्या बाबतीत खरंही असेल. पण ज्या पोराची तलफ प्रार्थनेनंतरही जात नाही, ते ‘माझा विश्वासच खोटा’ असं धरून चालतं. रोमकरांस पत्राचा ७वा अध्याय अशा पोराबरोबर वाचावा. इच्छितो ते करत नाही, असं स्वतः पौल म्हणतो आहे.

अठराच्या आतल्या मुलाची साक्ष मंचावर घेऊ नये, आणि तिचा व्हिडिओ तर कधीच यूट्यूबवर टाकू नये. नोकरीच्या आणि लग्नाच्या वेळी तो पुन्हा वर येतो.

बारा आठवड्यांचा गट

जे उपयोगी ठरतं ते कमी नाट्यमय आहे: आठवड्याला एक, आखलेलं, मुलांना बोलायला आणि सराव करायला लावणारं सत्र, अशी दहा ते पंधरा सत्रं. बारा धरू. सहा ते आठ मुलं, सव्वा तास, दोन सोबती. त्यातला एक व्यसनातून आलेला आणि दुसरा कधीच त्या वाटेला न गेलेला, म्हणजे शिक्षक, नर्स, एसटीतला कंडक्टर, कुणीही नियमित माणूस. ही जोडी महत्त्वाची. एकटा माजी व्यसनी असेल तर ‘आधी बिघडायचं, मग सुधारायचं’ हीच वाट असल्यासारखं मुलांना वाटतं.

सुरू करण्याआधी पास्टोरेट कमिटीचा किंवा पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे चर्चच्या कारभारी समितीचा, ठराव लिहून घ्यावा आणि प्रत्येक अल्पवयीन मुलाच्या पालकांची सहीची परवानगी घ्यावी. नियम चारच, पण न मोडता: मुलाबरोबर बंद दाराआड एकट्याने बसायचं नाही, रात्री ९ नंतर खासगी मेसेज नाहीत, पैसे उसने द्यायचे-घ्यायचे नाहीत, मुलींची सोबत बाईनेच करायची. मूल ख्रिस्ती नसेल तर पालकांना आधीच स्पष्ट सांगावं की गटात प्रार्थना होते, तिला बसणं ऐच्छिक आहे आणि मदत विश्वासावर अवलंबून नाही. अल्पवयीन मुलाशी बाप्तिस्म्याचा विषय पालकांच्या पाठीमागे काढणं चूक आहे, आणि त्यात गटही बुडतो.

सत्राची पहिली पंधरा मिनिटं चहा-बिस्किटं आणि आठवडा कसा गेला ते. उपाशी पोराकडून काही ऐकून घेण्याची अपेक्षा ठेवू नये. मग दहा मिनिटं एक छोटा उतारा. मग सरावाला पाऊण तास, हा सत्राचा गाभा. शेवटी पाच मिनिटं प्रार्थना, एकेका वाक्याची.

सराव कशाचा? ज्या प्रसंगात पोरगा खरोखर सापडतो त्यांचा. मित्राच्या हळदीची रात्र. गणपती विसर्जनाची मिरवणूक. ३१ डिसेंबर. वसईत किंवा गोव्यात आपल्याच समाजातलं लग्न, जिथे काकाच पेला पुढे करतात. नाताळच्या फेरीत घरोघरी मिळणारी वाईन. ख्रिस्ती घरांत दारूची लाज कमी असते हे मान्य करून बोलावं, नाहीतर सगळं पुस्तकी होतं. नकाराचं वाक्य आखूड हवं: ‘नाही, मी घेत नाही. थम्सअप असेल तर दे.’ पुन्हा आग्रह झाला तर तेच वाक्य, तिसऱ्यांदाही तेच. कारणं देऊ नयेत. प्रत्येक कारणाला समोरच्याकडे उत्तर तयार असतं, ‘पोट बिघडलंय’ म्हटलं की ‘मग ब्रँडी घे’. आग्रह करणाऱ्याची भूमिका व्यसनातून आलेल्या सोबत्याला देऊ नये. तो ती फार छान करेल, आणि रात्री घरी जाताना ती त्याच्याच डोक्यात घोळेल. नकारानंतर बाहेर पडायची सोयही ठरलेली हवी: परतीचे २०० रुपये वेगळे ठेवलेले, स्वतःची गाडी किंवा रिक्षा, आणि फोन केला तर न रागावता उचलणारं एक नाव.

आणखी एक सत्र भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चौघांना द्यावं. तलफ आली की आधी यातलं काय आहे ते ओळखायचं आणि त्यावर उपाय करायचा: जेवायचं, झोपायचं, कुणाला तरी फोन लावायचा. एक सत्र तंबाखूला. मावा, गुटखा, मिश्री यांना घरात कुणी व्यसन म्हणतच नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि पुडी कोपऱ्यावर मिळते, हेही मुलांना ठाऊक असतं.

गट संपल्यावर महिन्यातून एक भेट वर्षभर चालू ठेवावी. एका सोबत्याकडे एकावेळी तीनपेक्षा जास्त मुलं नकोत.

मुलगा सांगतो तेव्हा

पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं: इथलं बाहेर जाणार नाही, पण जिवाला धोका असेल, कुणी अत्याचार करत असेल किंवा तू कुणाला इजा करणार असशील, तर मी गप्प बसणार नाही. नंतर सांगितलं तर तो विश्वासघात ठरतो. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. ‘मंडळीतच मिटवू’ हा पर्याय नाही. मुलांसाठी १०९८, मानसिक त्रासासाठी टेलि-मानस १४४१६, व्यसनासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. हे तिन्ही क्रमांक गटाच्या खोलीत भिंतीवर असावेत.

‘मी घेतो’ असं मुलगा म्हणाला की उपदेश नको, वचनही नको. काय, कधीपासून, कुणाबरोबर, शेवटचं कधी, एकट्याने घेतोस का, हे प्रश्न शांतपणे. एकट्याने घेणं सुरू झालं असेल तर प्रकरण पुढे गेलेलं आहे. एमडी (मेफेड्रोन), गर्द (हेरॉइनचा प्रकार), झोपेच्या गोळ्या, खोकल्याचं औषध यातलं काहीही असेल तर गटावर भागत नाही, डॉक्टर हवाच. पुण्यात १९८६ पासून चालणारं मुक्तांगण आणि फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याला सुरू केलेलं कृपा फाउंडेशन ही महाराष्ट्रातली व्यसनमुक्तीची जुनी ठिकाणं. मुक्तांगण धार्मिक नाही म्हणून कचरू नये. गर्द सोडून काही आठवडे झालेल्या पोराच्या घरच्यांना एक गोष्ट ठासून सांगावी: शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, पुन्हा पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो.

व्हाइटनर किंवा पंक्चरचं सोल्युशन हुंगताना पोर सापडलं तर ओरडू नये, पाठलाग करू नये. त्या अवस्थेत दचकून किंवा धावून हृदयाचा ठोका बिघडतो आणि मूल जागीच जाऊ शकतं. जवळ बसावं, मोकळ्या हवेत आणावं.

कुणी पुडी हातात देऊन ‘तुम्हीच ठेवा’ म्हणालं तर घेऊ नये, घरी तर नेऊच नये; लगेच दुसऱ्या सोबत्याला बोलवावं. कायद्याच्या दृष्टीने माल ज्याच्या खिशात त्याचा, आणि आतून तलफही जागी होते. त्याच कारणाने पोरांना आणायला अड्ड्यावर जाऊ नये. पोलीस प्रकरण झालंच तर वकिलाला एनडीपीएस या अमली पदार्थांविषयीच्या कायद्याच्या कलम ६४अ बद्दल विचारावं. थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्याला त्यात संरक्षण आहे, आणि उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊ शकतं.

सोबतीच घसरला तर

हे होतं, म्हणून आधीच लिहून ठेवावं. त्याने त्याच दिवशी पाळकांना आणि स्पॉन्सरला कळवायचं, मुलांची जबाबदारी दुसऱ्या सोबत्याकडे जायची, आणि आठवड्याच्या आत मुलांना साध्या शब्दांत सांगायचं: ‘दादा पुन्हा प्यायले, उपचार घेत आहेत, गट चालू राहील.’ लपवलं तर मुलांना बाहेरून कळतंच, आणि मग दादांबरोबर देवही खोटा ठरतो. गलतीकरांस ६:१ प्रमाणे सौम्य वृत्तीने सावरायचं, पण सावरणं म्हणजे जागा परत देणं नव्हे. मुदत पुन्हा पहिल्यापासून.

घसरणीआधीच्या खुणा दिसतात. सोबती एएची मीटिंग चुकवायला लागतो, कारण ‘पोरांचंच इतकं काम आहे’. मुलगा सुधारला की तो उत्साहाने फुलतो, मुलगा घसरला की रात्रभर जागतो. त्याचं कोरडं राहणं आता त्या पोराच्या खांद्यावर आलेलं असतं. हे दिसलं की पाळकांनी त्याला महिनाभर गटापासून लांब ठेवावं, मीटिंगला मात्र पाठवावं.

प्रत्येक सत्रानंतर वहीत चार ओळी लिहाव्यात: तारीख, कोण आलं, कशाचा सराव झाला, पुढच्या वेळी कुणाला काय विचारायचं. मुलाने काय घेतलं, कुणाबरोबर घेतलं, घरी काय चाललंय हे त्या वहीत जाऊ नये. ते पाळकांना तोंडी सांगावं. वही चर्चच्या कपाटात कुलपात, सोबत्याच्या पिशवीत नाही.